उरलेले तीन फूट

पावसाळ्यात सांगलीत कुणालाही विचारा, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा जुना पूल. उत्तर फूट-इंचांत येतं. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका पातळी, हे चौथीतल्या पोरालाही पाठ. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कुठल्या दुकानात कितव्या फळीपर्यंत चढलं होतं ते लोक आजही भिंतीला हात लावून दाखवतात. १९२९च्या त्या पुलानं सगळ्या गावाला मोजायची सवय लावली.

आता त्याच गावात संध्याकाळी साडेसहाला हरभट रोडवर उभं राहून विचारा, की दोन्ही बाजूंच्या गाड्या सोडल्या तर मधे रस्ता किती फूट उरलाय? "असेल की वीसेक फूट," असं काहीतरी मोघम ऐकायला मिळतं. कापडाचा वार बोटांनी ओळखणारे लोक रस्त्याचं माप मात्र अंदाजपंचे सांगतात. सायकलवाल्याचा जीव तर त्याच मापावर टांगलेला असतो. आणि ते माप ठरवतात उभ्या गाड्या. धावणाऱ्या गाडीची सगळ्यांना भीती वाटते. उभी गाडी मेली गाडी, ती कुणाचं काय वाकडं करणार, असा आपला समज. पेठेत सायकल चालवणाऱ्याला रोज जी कसरत करावी लागते ती बहुतेक या 'मेलेल्या' गाड्यांमुळेच.

टेप घेऊन बसू. जुन्या पेठेतला एखादा रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत ३० फूट धरा. दुकानाची पायरी, गटारीवरचा ढापा, बाहेर मांडलेले डबे, प्लास्टिकच्या बादल्या, कपडे घातलेला पुतळा, यांना दोन्हीकडे दोन-दोन फूट. राहिले २६. दुकानांसमोर दुचाक्या तोंड आत करून सरळ लावलेल्या. साध्या स्कूटरची लांबी साधारण ६ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून १२ फूट गेले. राहिले १४. समोरून एक छोटी मोटार आली; आरशांसकट तिला साडेसहा फूट लागतात. दुसऱ्या बाजूनं रिक्षा, तिला साडेचार. उरले तीन फूट. हे तीन फूटही एका जागी मिळत नाहीत. थोडे मोटार आणि स्कूटरच्या रांगेमधे, थोडे मोटार आणि रिक्षामधे, थोडे रिक्षाच्या पलीकडे. सायकलचं हँडल दोन फुटांच्या आसपास असतं. पायडल मारताना सायकल थोडी डावी-उजवीकडे झुलते, तो झोल धरला तर सायकलवाल्याला सलग तीन-सव्वातीन फूट लागतात. रिक्षाच्या जागी दुसरी मोटार आली की सगळा मिळून एक फूट उरतो. त्या क्षणी सायकलवाला रस्त्यावर नाहीच, असं त्या रस्त्याचं गणित सांगतं. तो कुणाच्या तरी सौजन्यावर तिथं असतो.

या गणितात मेडिकलसमोर "दोनच मिनिटं" म्हणून थांबलेली मोटार अजून धरलेली नाही.

स्कूटरच्या रांगेकडे जरा जवळून बघायला हवं. पेठेतली खरी भानगड तिथंच आहे. गिऱ्हाईक पिशवी हुकाला अडकवतं, सीटवर बसतं, दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी मागं रेटायला लागतं. तोंड दुकानाकडे. आरशात दिसतो शेजारच्या गाडीचा आरसा, नाहीतर तिच्यावर टांगलेलं हेल्मेट. शेजारच्या हँडलमधून आपलं हँडल सुटेपर्यंत गाडी वळवता येत नाही, म्हणून ती पूर्ण लांबीनं, सहाच्या सहा फूट, सरळ मागं रस्त्यात येते. मग तिचं तोंड फिरवायचं. चौदा फुटांच्या वाटेतले सहा-सात फूट एका क्षणात अडतात, तेही मागं न बघता. मोटारवाला थांबतो, कारण त्याला स्कूटरचं मागचं मडगार्ड लांबून दिसतं आणि तो रस्त्याच्या मधून येत असतो. सायकलवाला रांगेला लागूनच चाललेला असतो. त्याला ते मडगार्ड दिसतं तेव्हा ते पुढच्या चाकाच्या बाजूला आलेलं असतं. तो उजवीकडे हँडल मारतो, आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या वाटेत शिरतो. अपघात झालाच तर कागदावर सायकल आणि मोटार यांचाच होतो. स्कूटर तोवर निघून गेलेली असते.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे गाड्या तिरक्या लावा, जागा वाचते. ही समजूत मोजून बघण्यासारखी आहे. ६ फूट लांब आणि हँडलपाशी सव्वादोन-अडीच फूट रुंद गाडी ४५ अंशांत तिरकी लावली, तर तिनं रस्त्यात खाल्लेली खोली पावणेसहा-सहा फूट भरते. म्हणजे वाचलेच तर दोन-तीन इंच. लांबी कमी होते, पण रुंदीचा कोपरा बाहेर येतो. खरा एक फूट वाचवायचा असेल तर कडेशी ३० अंशांचाच कोन ठेवून गाडी जवळजवळ आडवी लावावी लागते. तसं केलं की प्रत्येक गाडीला कडेची अडीच फुटांऐवजी पाच फूट जागा लागते आणि गाड्या निम्म्या बसतात. तिरकं लावण्याचा फायदा जागेत नाही, गाडी काढण्यात आहे: ती मागं घेतानाच वाहतुकीच्या दिशेला वळायला लागते, आणि चालवणाऱ्याची मान आपसूक रस्त्याकडे फिरते.

त्याहून बरा उपाय फुकटचा आहे. गाडी उलटी लावायची, तोंड रस्त्याकडे. लावताना चार सेकंद जास्त जातात, पण निघताना समोरचं सगळं दिसतं. हे सगळ्यांना कळतं, तरी कुणी करत नाही. माणसं आळशी असतात म्हणून मोकळं व्हावं, इतकं ते सोपं नाही. ढाप्याची कड बघा. रस्त्यापेक्षा तो दोन-तीन इंच वर असतो आणि कड बहुतेक उभी. स्कूटरचं वजन शंभर-एकशे दहा किलो. पुढचं चाक त्या कडेवर इंजिनाच्या जोरावर सहज चढतं. मागचं चाक पायांनी रेटून तीन इंच चढवणं भल्याभल्यांना जमत नाही, साडी नेसून तर नाहीच. म्हणजे गाडी तोंड आत करून लागते याचं कारण तिथली तीन इंचांची पायरी. ढाप्याला सिमेंटचा उतार काढला, तीन इंच उंचीला दोन फूट लांबीचा, की निम्मी अडचण सुटते. मात्र उतार काढताना गटारीचं पाणी आत घेणारं भोक बुजवायचं नाही. ते बुजवलं की पहिल्याच वळवात पाणी दुकानात शिरतं, आणि मग उतार फोडायला दुकानदार स्वतःच पहार घेऊन येतो.

पांढरी पट्टी मारताना सहा फुटांच्या गाडीसाठी पाच फुटांवर पट्टी मारायची आणि मग चाक बाहेर आलं म्हणून गाडी उचलायची, हा प्रकार टेप न वापरल्याचा. पट्टी साडेसहा फुटांवर हवी. तेवढी जागा नसेल तर त्या बाजूला दुचाकी पार्किंग देऊच नये. सम तारखेला ही बाजू, विषम तारखेला ती, हा पी-वन पी-टूचा मार्ग अरुंद पेठेत खरंच कामाचा असतो. वर मांडलेल्या हिशेबात त्यामुळे एका झटक्यात सहा फूट परत मिळतात, आणि सायकलवाल्याला एक कड मोकळी सापडते. (३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन दिवस सलग विषम पडतात. त्या दिवशी निम्मा बाजार चुकीच्या बाजूला उभा असतो, आणि प्रत्येक जण बरोबर असतो.)

आता चारचाकी. उभ्या मोटारीचं सगळ्यात धोक्याचं अंग म्हणजे तिचं दार. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी असते, म्हणजे चालकाचं दार बरोबर सायकलच्या वाटेत उघडतं. पूर्ण उघडलं तर ते तीन फुटांच्या आसपास बाहेर येतं. सायकल ताशी १५ किलोमीटरनं चाललीय असं धरा. हा काही शर्यतीचा वेग नव्हे, क्लासला उशीर झालेल्या मुलाचा वेग. त्या वेगात सेकंदाला चौदा फूट जातात. दार दिसलं, मेंदूनं ब्रेक म्हटलं, बोटांनी तो दाबला, यात एक ते दीड सेकंद जातो. पुढं चांगल्या ब्रेकनं कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी नऊ-दहा फूट. एकूण २३ ते ३० फूट. दार उघडायला मात्र एक सेकंदही लागत नाही, आणि ते समोर दहा फुटांवर उघडतं. सावध राहून हे टाळता येत नाही, कितीही तरबेज असलात तरी. फक्त अंतर ठेवूनच टाळता येतं.

आणि हे दार नुसतं पाडत नाही. दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागते. ते टोक मागं ढकललं जातं, पुढचं चाक डावीकडे वळतं, अंग मात्र आपल्या वेगानं उजवीकडे फेकलं जातं. म्हणजे माणूस मोटारीकडे न पडता चालत्या रस्त्यात पडतो. खरचटून सुटायचं की ट्रकखाली जायचं, हे त्या सेकंदाला मागून कोण येतंय त्यावर.

मग अंतर किती? दाराचे तीन फूट आणि हँडलच्या अर्ध्या भागाचा एक: चाक आणि उभी मोटार यांच्यामधे चार फूट हवेत. आता हेच रस्त्याच्या कडेपासून मोजा. मोटार गटारीपासून एक फूट सोडून उभी, तिची रुंदी साडेपाच-पावणेसहा फूट, त्यावर चार. सायकलचं चाक कडेपासून साडेदहा फुटांवर गेलं. रस्त्याची एक लेन साधारण १० ते साडेअकरा फुटांची असते. म्हणजे कडेला मोटारी उभ्या असलेल्या रस्त्यावर सायकलची सुरक्षित जागा ही पहिली लेन संपता संपता येते. आणि आपण पोराला घरातून निघताना बजावतो, "कडेनं जा रे बाबा." सल्ला काळजीचा, पण त्याला थेट दाराच्या टप्प्यात नेऊन सोडणारा. उलट तो मधून चालला तर मागचा हॉर्न वाजवतो, "सायकल काय मधनं चालवतोस, बाप्पा!" सायकलवाल्याला शहाणपणा आणि शिव्या एकाच जागी मिळतात.

दोन उभ्या मोटारींमधे मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढची मोटार आली की बाहेर यायचं, ही सवय पहिल्यांदा सोडायला हवी. मागच्याला सायकल नाहीशी होते आणि अचानक उगवते. ६०-७० फुटांची सलग मोकळी कड असेल तरच डावीकडे सरकावं, नाहीतर एकच सरळ रेघ धरावी. उभ्या गाडीजवळ जाताना बघण्याच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मागचा लाल दिवा नुकताच विझलाय का? सीटवर डोकं दिसतंय का? पुढचं चाक रस्त्याकडे वळलेलं आहे का? रिक्षा असेल तर आतल्या माणसाचा हात खिशाकडे गेलाय का? भाडं देऊन झालं की प्रवासी कुठल्याही बाजूनं उतरतो.

मोटारवाल्यानं करायची गोष्ट एवढीशी आहे: उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडायचं. डावा हात उजव्या दारापर्यंत न्यायला खांदा वळवावा लागतो, आणि खांदा वळला की नजर आरशावरून मागं जाते. डावीकडच्या सीटवरच्यानं उजव्या हातानं. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. तिथल्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२पासून ही पद्धत लिहून दिली आहे, आणि सायकलवाल्यानंही उभ्या गाडीपासून दाराइतकं किंवा एक मीटर अंतर ठेवावं असं त्यातच म्हटलं आहे. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा काढायला शिकवतात. दार उघडायलाही शिकवलं तर फी वाढणार नाही.

दार आणि रांग चुकवून कडेला सरकावं, तर कडेचंही काही खरं नसतं. डांबरावर डांबराचा थर चढत जातो आणि साईडपट्टी तिथंच राहते. मग डांबराची कड दोन-तीन इंचांची होते. चाक त्या कडेवरून खाली घसरलं की परत वर चढवताना लोक चूक करतात: हँडल हळूच उजवीकडे वळवतात. चाक कडेला समांतर घासत राहतं, चढत नाही, आणि सायकल अंगाखालून निघून जाते. अशी कड चढायची तर आधी वेग कमी करून थोडं लांब जायचं, आणि कडेला जितकं काटकोनात जाता येईल तितकं जाऊन चढायचं. डांबर आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधल्या लांब फटीचंही तेच. गटारीवरच्या लोखंडी जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनं उभे बसवलेले असतील तर सायकलचं चाक त्यात सरळ उतरतं. दीड इंची टायरला दीड इंची फट म्हणजे सापळाच. तीच जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवली की प्रश्न मिटला, खर्च शून्य. पण जाळी बसवणारा ती ज्या बाजूनं चौकटीत बसते त्या बाजूनं बसवतो, आणि चौकट चौरस असेल तर पन्नास टक्के वेळा चुकतो.

गतिरोधकाचं प्रमाण इंडियन रोड्स काँग्रेसनं ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. म्हणजे बारा फुटांत चार इंच. गल्लीत आढळतो तो दीड-दोन फुटांत तेवढाच किंवा त्याहून उंच. शिवाय तो कडेपर्यंत नेलेला नसतो, पाणी जायला फूट-दोन फूट जागा सोडतात. झालं, प्रत्येक मोटारसायकल त्या फटीकडे झेपावते, आणि ती फट सायकलचीच वाट असते. पाणी जाऊ द्यायला सहा इंच पुरतात.

गणपती पेठेसारख्या घाऊक बाजारात सकाळी वेगळाच खेळ. टेम्पो पाठ करून लागलेला, फाळका म्हणजे मागची फळी उघडी आणि आडवी, हमाल पोतं पाठीवर घेऊन. पोत्याखाली वाकलेल्या माणसाला समोरचे चार फूट दिसतात, बाजूचं काही दिसत नाही. घंटी वाजवून उपयोग नसतो, कारण तो थांबू शकत नाही. ओझं घेऊन थांबणं चालण्यापेक्षा अवघड. तिथं सायकलवरून उतरायचं, दहा पावलं चालायचं, परत बसायचं. उघड्या फाळक्याची कड बसलेल्या माणसाच्या छातीपाशी ते तोंडापाशी येते, आणि अंधुक उजेडात मळकट लाकडी फळी दिसतच नाही. फाळक्याच्या दोन्ही टोकांना परावर्तक पट्टी चिकटवली तर ती दिसेल. फाळका उघडल्यावर जी कड मागं येते तिच्यावरही. बंद असताना दिसणारी बाजू उघडल्यावर जमिनीकडे होते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ऊस सुरू झाला की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, शहरात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट पोरांना सांगावी. ट्रॅक्टर वळताना मागच्या ट्रॉल्या त्याच्या चाकोरीतून येत नाहीत, त्या आत कापत येतात. पहिली थोडी, दुसरी आणखी. ट्रॅक्टर कोपऱ्यापासून सात-आठ फूट लांबून गेला म्हणून ती जागा मोकळी समजायची नाही, दुसऱ्या ट्रॉलीचं चाक तिथूनच जाणार असतं. कोपऱ्यावर एखादी मोटार उभी असेल तर ट्रॅक्टरवाला आणखी उजवीकडून वळण घेतो, मधे ऐसपैस जागा दिसते आणि सायकलवाला तिच्यात शिरतो. शिरू नये. चौकात अशा ट्रॅक्टरच्या डावीकडे कधीच थांबू नये, मागं थांबावं.

कोपऱ्यावर उभी केलेली गाडी ही खरं तर सगळ्यात वाईट जागी उभी केलेली गाडी. मोटार वाहन कायदा, १९८८च्या १२२व्या कलमानुसार इतरांना धोका होईल अशा जागी गाडी सोडून जाणं गुन्हा आहे. चौकाचा कोपरा, फूटपाथ, आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी, या सगळ्यांना नियमात मनाई आहे. कोपऱ्यापासून पंधरा-वीस फूट मोकळे ठेवले तर गल्लीतून बाहेर येणाऱ्याला सायकल दिसते. तिथं टेम्पो उभा असला की गल्लीतली मोटार नाक बाहेर काढून बघते, आणि ते नाक सायकलच्या वाटेत असतं.

रुंद रस्त्यावर हे सगळं सुटतं, असं वाटेल. शंभर फुटी रस्त्याच्या तर नावातच माप आहे. पण रुंदी वाढली की गाड्यांची दुसरी रांगही बसते, आणि वाहनांचा वेगही वाढतो. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, तसा सांगली-मिरज रस्ता कागदावर शहराच्या आतला रस्ता झाला. त्याची ठेवण मात्र दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्याची राहिली: मधे दुभाजक, आणि दोन्ही कडांना दुकानं, क्लास, दवाखाने. ज्याला पलीकडच्या दुकानात जायचंय त्याला दुभाजकाची पुढची फट गाठावी लागते. ती अर्ध्या किलोमीटरवर असली तर जाऊन-येऊन एक किलोमीटर, सायकलला पाच मिनिटं. माणूस काय करतो? उलट्या बाजूनं कडेकडेनं जातो. सायकलवालाही जातो, मोटारसायकलवालाही. सरळ येणाऱ्या सायकलला समोर उलटी मोटारसायकल आणि डावीकडे उभ्या गाड्या. कुणी कुणाला कुठल्या बाजूनं चुकवायचं याचा नियम अशा वेळी नसतो. आपण आपल्या डाव्या बाजूला सरकायचं म्हटलं तर तिथं गाडी उभी, उजवीकडे सरकलं तर मागून बस. अशा वेळी वेग कमी करून सरळ थांबणं आणि समोरच्याला ठरवू देणं, एवढंच हातात राहतं.

थांब्यावरही तीच गत. बसथांब्यावर मोटारी आणि वडाप, म्हणजे प्रवासी भरणाऱ्या खासगी गाड्या, उभ्या, म्हणून बस थांबते लेनच्या मधे. बस आणि कड यांच्यामधे सात-आठ फुटांची गल्ली तयार होते आणि सायकल तिच्यात शिरते. बसचं दार डावीकडे. उतरणारी बाई हातात पिशवी आणि कडेवर पोर घेऊन खाली बघत पायरी उतरते. थांबलेल्या बसच्या डावीकडून जायचं नाही. हे लिहायलाही विचित्र वाटतं, पण रोज दिसतं.

मग दुकानदार. सायकलीची बाजू मांडणारे लोक त्यांना खलनायक करून टाकतात, आणि तिथंच बोलणं संपतं. दुकानदाराची भीती खरी आहे: समोर गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक पुढं जाईल. म्हणून तो रंगाच्या डब्यात सिमेंट ओततो, त्यात पाइप रोवतो, पाइपला 'नो पार्किंग'ची पाटी अडकवतो आणि तो डबा ढाप्यापासून दोन फूट पुढं, रस्त्यात ठेवतो. हा डबा सायकलवाल्याच्या गुडघ्याइतका उंच, रंग राखाडी, रात्री दुकान बंद झालं तरी तिथंच. पायडलला लागला तर डबा हलत नाही, सायकल हलते.

पण त्याच्याच हिशेबानं बघू. बारा फुटांचं दुकान. एक मोटार लागायला १६ फूट लागतात, म्हणजे त्याच्या दारात धड एक मोटारही मावत नाही. अडीच फुटांनी दुचाक्या लावल्या तर चार. त्यातली एक मालकाची, दोन कामगारांच्या, सकाळी दहाला लागलेल्या त्या रात्री नऊला निघणार. गिऱ्हाइकाला उरली एक जागा. एक गिऱ्हाईक सरासरी वीस मिनिटं थांबतं असं धरलं तर अकरा तासांत एका जागेवर ३३ गिऱ्हाइकं येऊन जाऊ शकतात. मालक आणि कामगारांनी अडवलेल्या तीन जागा म्हणजे शंभर गिऱ्हाइकांच्या जागा. कागदावरचा आकडा आहे, खराखुरा एवढा होणार नाही. निम्मा धरला तरी पन्नास. दुकानदाराचं पार्किंग सायकलवाला खात नाही, शेजारचा दुकानदारही खात नाही. ते आतून खाल्लं जातं. दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या गाड्या लावायच्या आणि पाच मिनिटं चालत यायचं, एवढं एका ओळीतल्या वीस दुकानांनी ठरवलं तर साठ जागा एका दिवसात मोकळ्या होतात. वीसजणांनी ठरवावं लागतं, ही अडचण. एकोणीस जणांनी ठरवलं तर विसाव्याचा फायदा होतो, आणि अठरावा ते बघत असतो.

त्या साठातल्या सहा-आठ जागा सायकलींना द्याव्यात, आणि त्या नेमक्या कोपऱ्यावर द्याव्यात. जिथं मोटार उभी राहू नये तिथंच सायकलींची रांग चालते, कारण सायकलींच्या आरपार दिसतं आणि त्या कंबरेइतक्याच उंच असतात. कोपरा अडतो तोही मोटारीला, नजर मोकळी राहते. नुसता रंग मारून सायकलची जागा राखली जात नाही. तिथं तासाभरात स्कूटर येते. लोखंड रोवावं लागतं.

स्टँड साधा असावा, उलट्या 'यू'सारखा वाकवलेला पाइप. दीड-दोन इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, जमिनीवर उंची अडीच फूट, लांबीही अडीच फूट. दोन्ही पाय फूटभर खाली काँक्रीटमध्ये. एका स्टँडला दोन बाजूंनी दोन सायकली टेकतात, फ्रेम आणि चाक दोन्हीला कुलूप लागतं. दोन स्टँडमधे तीन फूट, भिंतीपासून किमान दोन. भिंतीला चिकटवला तर हँडल वळत नाही आणि कुणी वापरत नाही. शाळांमधे असतो तसा चाक अडकवायचा खाचांचा स्टँड घेऊ नये: सायकल जरा कलंडली की सगळा भार चाकावर येतो, आणि आरे व रिम वाकतात. वाकवताना पाइप चपटा होऊ नये म्हणून वेल्डिंगवाले आत वाळू भरून वाकवतात, तसाच वाकवून घ्यावा. जोड देऊन कोपरे केले तर पहिला गंज त्या जोडावर चढतो, आणि महापुराच्या गावात गंजाला निमित्त लागत नाही.

गणेशोत्सवात या स्टँडला मांडवाची दोरी बांधली जाणार आणि निवडणुकीत फ्लेक्स, हे धरूनच चालावं. म्हणून पाइप घेताना सी क्लासचा, म्हणजे जाड भिंतीचा, घ्यावा.